डोमाचा रविवारचा फटका

रविवारी सकाळी सात वाजता सानगडीला तलावाच्या पाळीवर आलात, तर खालच्या मैदानात एक माणूस वाकून जमिनीवर राख सांडताना दिसेल. त्याला हाक मारू नका. हाकेनं हात हलतो, हात हलला की रेघ वाकडी होते, आणि रेघ वाकडी झाली की तो दिवसभर कोणाशी बोलत नाही. तसा एरवीही तो बोलत नाहीच म्हणा. हा आमचा डोमा.

डोमा राईस मिलमध्ये बॉयलरवर आहे. भट्टीत धानाचा कोंडा घालायचा आणि खालून राख काढायची, तीस वर्षं हेच काम. बाकी गावांत मैदान चुन्यानं आखतात, आमचं राखेनं आखलं जातं. डोमा ती मिलमधून पोत्यात भरून सायकलवर आणतो, घरी चाळतो, त्यावरून बायकोच्या, तुळसाच्या, शिव्या खातो, आणि खिळ्यानं भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यातून सांडत मैदानभर फिरतो. मी एकदा चुन्याची दोन पोती आणून दिली होती. ती त्यानं समाजमंदिराच्या भिंतीला लावून टाकली. मी तणतणलो तेव्हा म्हणाला, आपल्या अर्ध्या पोट्ट्या बिनाबुटाच्या खेळतात, चुन्यानं पाय फाटतात, राख थंडी असते. मी गावच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी, पण पोरींच्या पायांकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

आखणी संपली की डोमा चपला काढतो. बॉल पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवतो, चार पावलं मागं जातो, आणि रिकाम्या गोलात एकच फटका मारतो. खालचा डावा कोपरा. मग "रेघ तपासली" असं स्वतःशीच म्हणतो, लंगडत जाऊन गोलामागच्या बेशरमाच्या झुडपातून बॉल काढून आणतो आणि शकुनबाईच्या टपरीवर चहाला बसतो. पोत्यांची थप्पी अंगावर आली होती तेव्हापासून त्याचा डावा पाय अधू आहे, पण मारायचा पाय उजवा. ताप असो, पाऊस असो, त्याची माय गेली त्या आठवड्यातला रविवार असो, हा फटका चुकलेला मी पाहिलेला नाही. एकदाही नाही.

आता मी कोण ते सांगतो. मी भैय्याजी मास्तर. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. क्लबचा सेक्रेटरी त्याच्याही आधीपासून. शिट्टी अजून खिशात असते. रागीट माणूस आहे, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. फाऊल दिसलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. पण स्वतःचा फाऊल असला की माणूस शिट्टी गिळतो, आणि मी एक शिट्टी चौतीस वर्षं गिळून बसलो होतो. ते पुढे येईलच.

गोष्ट रुचिताची निघाली म्हणून डोमाची निघाली. रुचिता अठरा वर्षांची, आमच्या मुलींच्या टीमची स्ट्रायकर. बाप अतुल ट्रॅक्टर चालवतो, आई साधना आशा सेविका आहे. पोरगी दिसायला काडी, पण बॉल पायात आला की तीन-तीन जणींना मागे सोडून निघते. तिच्याच जोरावर त्या वर्षी आम्ही मंडईच्या टूर्नामेंटची फायनल गाठली होती. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. लेकी-जावई येतात, रात्री नाटक असतं, आणि आमच्याकडे दुपारी फुटबॉलची फायनल. समोर होती लाखनी. लाखनीवाल्यांशी आमचं काय आहे ते विचारू नका, सकाळी सकाळी माझं डोकं फिरेल.

तर फायनलला महिना राहिला होता आणि एका शनिवारी पिंटू मोबाईलवाला फोन हातात नाचवत टपरीवर आला. नागपूरच्या एका क्लबचं पत्र फोनवर आलं होतं. त्यांच्या कोच रिता मॅडमनी रुचिताला भंडाऱ्याला खेळताना पाहिलं होतं. पाच महिन्यांच्या लीगसाठी ती त्यांना लोनवर हवी होती. राहायची सोय त्यांची, कॉलेजचं त्या पाहणार. फक्त आमच्या क्लबचं ना हरकत पत्र सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचलं पाहिजे, सेक्रेटरीच्या सहीनं. म्हणजे माझ्या. आणि एकदा लोनवर गेली की ते पाच महिने ती आमच्याकडून खेळू शकणार नाही. म्हणजे फायनल गेली.

झालं. टपरीवर जी जुंपली, ती बाप्पा काय सांगू. पिंटूला सगळ्या जगातल्या क्लबांची माहिती. विलायतेत कोण कोणाला लोनवर देतो, किती पोरं दरवर्षी जातात अन् मोठी होऊन येतात, सगळं तोंडपाठ. त्याचं म्हणणं, पाठवलीच पाहिजे. तेजराम एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. त्यानं बोटानं चहाचा ग्लास ढकलला आणि म्हणाला की नागपूरला जाणारी गाडी कशी भरून जाते आणि येताना कशी येते ते त्याला विचारावं, तीस वर्षं त्यानं तिकिटं फाडली आहेत. आज लोन म्हणतील, उद्या कायमची ठेवून घेतील. पिंटू म्हणाला, ठेवली तर पोरीचं भलंच होईल. तेजराम म्हणाला, अन् आपलं? यावर पिंटू गप्प झाला, कारण तो स्वतः प्रत्येक मॅचला दुकान बंद करून येतो.

शकुनबाई कढईत आलूबोंडे सोडत होत्या. साठी उलटलेली बाई. नवरा गेल्यापासून मैदानाच्या कडेला टपरी चालवते, आणि माझ्या शिट्टीवरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार तिनं जितका केला तितका कोणी केला नाही. ती झारा हातात धरून मध्येच म्हणाली, म्हणजे उसनं म्हणा ना. पिंटू म्हणाला, हो, तसंच. मग ती म्हणाली, उसनं मागायला आलेल्याला आपल्यात नाही म्हणत नाहीत, पण उसनं नेलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, मूठभर तांदूळ तरी घालून देतात. हे नागपूरवाले काय घालून देणार? तेजराम हसला. पण शकुनबाई हसत नव्हत्या. त्यांना ते खरंच कळून घ्यायचं होतं.

सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे कबूल करतो. पोरगी लहान आहे, नागपूरला कोण विचारतो, बेंचवर बसवून ठेवतील, इथं ती राणी आहे, असं बरंच काही मी बोललो. पोरीच्या आई-बापांनी ‘मास्तर म्हणतील तसं’ असं सांगितलं होतं, त्यामुळे मला आणखी चेव आला. लोक मानाही डोलवत होते. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, बोलता बोलता माझं लक्ष सारखं बाकाच्या टोकाला जात होतं. तिथं डोमा राखेचा डबा मांडीवर घेऊन भोकं तारेनं साफ करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. तारही थांबवली नाही. नुसतं विचारलं:

"तिले विचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. दोन तास आम्ही चार शहाणे भांडत होतो आणि रुचिता पन्नास पावलांवर शाळेच्या भिंतीवर बॉल मारत होती. शकुनबाईंनी हाक मारली. ती घाम पुसत आली, आणि आधी माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, मास्तर म्हणतील तसं.

डोमा म्हणाला, "मास्तरले नाही विचारून राहिलो. तुले विचारून राहिलो."

पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मले जाचं आहे, काका. पण फायनल सोडून कशी जाऊ?"

"फायनल दरवर्षी येते," डोमा म्हणाला, आणि डबा घेऊन उठला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उद्या सांगतो म्हणालो आणि चहा तसाच टाकून घरी आलो.

घरी बैठकीत भिंतीवर एक ढाल आहे. पितळेची, भंडाऱ्याच्या कारागिरानं घडवलेली, खाली क्लबचं नाव. आमच्या क्लबनं जिंकलेली सगळ्यात मोठी वस्तू. चौतीस वर्षांपूर्वी मंडईच्या फायनलमध्ये आम्ही लाखनीला एका गोलनं हरवलं, आणि तो गोल डोमाचा, पेनल्टी, खालचा डावा कोपरा. डोमा तेव्हा एकवीसचा होता. त्याच्यासारखा स्ट्रायकर मी पुन्हा पाहिला तो रुचिता आली तेव्हाच. दरवर्षी मंडईच्या आधी डोमा येतो, ढाल उतरवतो, अंगणात बसून चिंच आणि राखेनं घासतो, लखलखीत करून परत लावतो. मला ते पाहवत नाही. मी काहीतरी काम काढून बाहेर जातो.

कारण त्या फायनलच्या पंधरा दिवस आधी नागपूरहून एक पत्र आलं होतं. तिथल्या एका टीमच्या मॅनेजरनं डोमाला एका सीझनसाठी मागितलं होतं. पत्र माझ्या नावावर, सेक्रेटरीच्या. मी सव्वीस वर्षांचा होतो, डोक्यात लाखनी भरलेली. मी ते डोमाला दाखवलंच नाही. उत्तर लिहिलं की त्याची आई फार बिमार आहे, तो येऊ शकत नाही. अन् त्याची माय त्या दिवशी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन माझ्या दारावरून गेली, ठणठणीत. मी तिला रामराम केला.

पुढल्या वर्षी पत्र येईल, तेव्हा पाठवू, असं मी मनाला समजावलं होतं. पत्र परत आलं नाही. मग मीच ओळखीनं त्याला मिलमध्ये लावून दिलं आणि काही वर्षं स्वतःची पाठ थोपटून घेतली, की पाहा, आपण पोराचं भलं केलं. पोत्यांची थप्पी पडली त्या दिवसापासून तेही थोपटणं बंद झालं. त्याला दवाखान्यात नेणारा मीच होतो. सांगावं असं तेव्हाही आलं होतं ओठांवर. सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मी मैदानावर गेलो. डोमा मधली रेघ आखत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. पत्र, फायनल, त्याच्या मायच्या नावानं लिहिलेलं खोटं. आयुष्यभर मैदानावर ओरडलेल्या माणसाचा आवाज असा कापताना ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली.

डोमा वाकलेलाच होता. म्हणाला, "मले माहीत आहे, मास्तर. रेघेवरून बाजूले व्हा."

मी बाजूला झालो. तो रेघ पुरी करत टोकाला गेला. मग डबा खाली ठेवून तिथंच उकिडवा बसला. मीही त्याच्याजवळ बसलो.

"त्याच साली लाखनीच्या बाजारात तो नागपूरवाला भेटला होता," तो म्हणाला. "मले म्हणते, तुझी आई बिमार होती ना, कशी आहे आता? मी पाहतच राहिलो. मंग समजलं."

"तू काय म्हणालास?"

"बरी आहे म्हटलं आता."

त्या माणसासमोर डोमा ‘मास्तर खोटं बोलले’ एवढं म्हणाला असता, तर कदाचित तेव्हाच त्याची बॅग भरली गेली असती. त्यानं माझं खोटं सांभाळलं. मी विचारलं, राग नाही आला? तो म्हणाला, आला ना. दोन-तीन वर्षं होता. मग लग्न झालं, पोरी झाल्या, मिलात लागलो, राग ठेवायचा कुठं? मी विचारलं, मग एवढ्या वर्षांत एका शब्दानं तरी का बोलला नाहीस?

"तुम्हीच सांगाल म्हटलं," डोमा म्हणाला. "वाट पाहून राहिलो होतो."

त्यानं हे टोमणा म्हणून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्यात टोमणा नव्हता. मी रडलो, सांगायला लाज कसली. तो शेजारी बसून राहिला. थोड्या वेळानं उठला, चपला काढल्या, चार पावलं मागं गेला आणि फटका मारला. खालचा डावा कोपरा. रेघ तपासली म्हणाला आणि झुडपाकडे निघाला.

सोमवारी दुपारीच मी सही केली. पण सही करायच्या आधी शकुनबाई टपरी सोडून, हात पदराला पुसत, पिंटूच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या की भांड्याची अट लिहिल्याशिवाय कागद जाणार नाही. पिंटूनं कपाळावर हात मारला. मी म्हणालो, लिही. मी सांगितलं तसं त्यानं टाइप केलं: ‘खेळाडू पाच महिन्यांसाठी उसनी देत आहोत. परत पाठवताना रिकाम्या हाताने पाठवू नये, ही विनंती.’ तासाभरात रिता मॅडमचा फोन आला. आधी त्या हसत होत्या. सर, हे शेवटचं वाक्य काय आहे? मी फोन शकुनबाईंना दिला. शकुनबाईंनी त्यांना भांडं, तांदूळ, शेजारधर्म, सगळं समजावून सांगितलं. फोन ठेवेपर्यंत मॅडम हसायच्या थांबल्या होत्या, असं शकुनबाईंचं म्हणणं आहे.

रुचिता गेली. फायनल आम्ही दोन गोलनं हरलो. पाठवलं ते बरंच केलं हे खरं, पण लाखनीच्या पोरी आमच्याच मैदानात नाचत होत्या तेव्हा माझ्या छातीत काय झालं ते मलाच माहीत. तेजराम दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शकुनबाईंनी त्या संध्याकाळी बोंडे खारट केले आणि कोणाची तक्रार करायची हिंमत झाली नाही. जुनी ढाल डोमानं नेहमीसारखी घासून दिली. या वेळी मी बाहेर गेलो नाही. अंगणात त्याच्याजवळ बसलो आणि चिंच कोळून दिली.

रुचिताचे फोन यायचे ते पिंटूच्या दुकानात, स्पीकरवर. पहिले दीड महिने ती बेंचवरच होती. मी म्हटलंच होतं, असं तेजराम रोज म्हणायचा. मग एकदा बदली म्हणून उतरली आणि गोल केला. त्यानंतर बेंचवर बसली नाही. डोमा फोनवर एकच विचारायचा: जेवली का?

फेब्रुवारीत लीगची शेवटची मॅच होती, आणि मॅडमनी आम्हाला बोलावलं. तेजरामनं आपल्या जुन्या ओळखीनं ड्रायव्हरच्या मागच्या जागा धरल्या. मी, डोमा, शकुनबाई, तेजराम, पिंटू. डोमानं लग्नात घालायचा पांढरा सदरा घातला होता. भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा तो म्हणाला की या पुलाच्या पलीकडे तो कधी आलेला नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस, सानगडीहून नागपूर ते किती लांब, पण हा कधी आलाच नव्हता. मी खिडकीतून पाण्याकडे पाहत राहिलो.

मॅच आम्ही जिंकलो. आम्ही म्हणजे नागपूरवाले, पण त्या दिवशी आम्हीच. रुचितानं दोनमधला एक गोल केला. शकुनबाई तिथल्या रेफ्रीलाही बोलल्या. मॅच संपल्यावर रिता मॅडम आल्या, उंच, करड्या केसांच्या, आणि शकुनबाईंसमोर उभ्या राहून म्हणाल्या, मावशी, भांडं परत करते आहे. त्यांनी दोन नव्या जाळ्या दिल्या, गोलाला लावायच्या, आणि एका पिशवीत बारा जोडी बूट, वापरलेले पण धड. शकुनबाईंनी एकेक बूट उलटा करून तळ पाहिला आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. पुढचं वर्षभरही रुचिता त्यांना हवी होती. ते पोरीला विचारा, मी म्हणालो. तेजरामनं माझ्याकडे वळून पाहिलं.

रुचिता मात्र डोमाचा हात धरून उभी होती. तिला जुनं काही माहीत नव्हतं. मी किंवा डोमानं कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला माहीत होता तो फक्त रविवार. म्हणाली, "काका, इथल्या रेघा तपासा ना."

डोमा नको नको म्हणत होता. पण मॅडमनी बॉल आणून हातात दिला. तो मैदानात उतरला, गवतावर जरा थांबला. वाकून रेघेवरून अंगठा फिरवला आणि रंग आहे म्हणाला. चपला काढून नीट जोडून बाहेर ठेवल्या. बॉल ठिपक्यावर ठेवला. चौतीस वर्षांपूर्वी त्यानं जिथं उभं राहायला हवं होतं तिथं तो उभा होता, आणि तिथवर त्याला येऊ न देणारा मी बाजूला हातात त्याची पिशवी धरून उभा होतो. माझा हात आपोआप खिशात गेला. मी शिट्टी वाजवली.

चार पावलं. फटका. बॉल डाव्या खांबाच्या बाहेरून गेला, वीतभर.

रुचिताचं तोंड एवढंसं झालं. शकुनबाई म्हणाल्या, गवतावर पाय घसरला असेल. डोमा मात्र हसत होता. लंगडत थेट माझ्यापाशी आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि हळूच, मलाच ऐकू जाईल असं म्हणाला:

"पाहा मास्तर. तेव्हाबी गेला नसता."

परतीच्या गाडीत तो भंडारा यायच्या आतच झोपला. मी जागा होतो. त्याचा पाय अधू, गवत परकं, वयही झालं, चुकू शकतो माणूस, असं मी स्वतःला सांगून पाहिलं, पण पटेना.

रविवारी सकाळी सात वाजता मी मैदानावर होतो. नव्या जाळ्या पिंटूनं आदल्या दिवशीच बांधल्या होत्या. डोमानं राख सांडली, चारही रेघा पुऱ्या केल्या, चपला काढल्या आणि चार पावलं मागं गेला. बॉल खालच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन जाळीत अडकला. रेघ तपासली, तो म्हणाला. तो निघायच्या आधी मीच गोलात गेलो, जाळीतून बॉल सोडवला आणि त्याच्या हातात आणून दिला.